तिरका शिक्का

गेल्या उन्हाळ्यात नाल्यापलीकडची अभ्यासिका चालवणारे मास्तर माझ्याकडे आले. दारातच उभे राहून म्हणाले, "काकाजी, दोन पानं लिहून द्या. आपली वस्ती कशी झाली, अल्याडची आन् पल्याडची. पोरं विचारत राह्यतात. भिंतीवर लावतो." मी बसायला सांगितलं, ते बसले नाहीत. पाणी विचारलं, नको म्हणाले.

ते गेल्यावर मी बराच वेळ विचार करत राहिलो, की माझ्याकडेच का आले? वस्तीत माझ्याएवढी जुनी माणसं अजून दोन-तीन आहेत, आणि त्यांना बोलायची हौसही आहे. मनात एकच आलं, यांनी त्या चिठ्ठीवरची तारीख पाहिली. कोणती चिठ्ठी, कोणती तारीख ते पुढे येईल. चाळीसेक वर्षं मी त्या तारखेला भीत आलो आहे.

तरी मी लिहून दिलं. कॉलेज आलं तेव्हा इथे पऱ्हाटी, म्हणजे कापसाची शेतं होती, यवतमाळ अजून इथवर पोचलं नव्हतं, हात दाखवला तर एसटी थांबायची. मग शेतांचे प्लॉट पडले. प्राध्यापकांनी, कचेरीतल्या लोकांनी, आम्हा कॉलेजच्या बाबूंनी घरं बांधली. दारव्हा, महागावकडची पोरं ज्वारीचं पोतं टपावर टाकून यायची, खोल्या करून राहायची, मेसमध्ये जेवायची. हे सगळं खरं आहे. शेवटी मी लिहिलं, "नाल्यापलीकडे भाडे स्वस्त असल्याने गरीब विद्यार्थी तिकडे राहू लागले व तीही वस्ती वाढली."

मास्तरांनी कागद उभ्यानेच वाचला, घडी घातली आणि टेबलावर ठेवला.

"अक्षर अजून चांगलं आहे तुमचं," ते म्हणाले. मग चपलेत पाय घालता घालता, "स्वस्त होतं म्हणून गेलो काय आम्ही, काकाजी?"

कागद तिथेच राहिला. म्हणून आता हे दुसऱ्यांदा लिहितो आहे.

आमची अल्याडची वस्ती पहिल्यापासून संशयी. घर बांधताना प्रत्येकाने मागच्या बाजूला दोन खोल्या जादा काढल्या, त्यांचं दार गल्लीत, आणि त्या दारावर नजर राहील अशी एक खिडकी आतल्या घराला. माझ्याही घराला आहे. कोण आलं, कोणाबरोबर आलं, दाराशी चपलांचे जोड किती, दिवा कधी मालवला, सगळं त्या खिडकीतून दिसायचं. मटणाचा वास आला की मालकीण दुसऱ्या दिवशी सांगायची, "खोलीले रंग द्याचा आहे बाप्पा, आठ दिवसांत खाली कर." त्या खोल्यांना रंग मात्र वर्षानुवर्षं लागायचा नाही.

खोली मागायला आलेल्याला पहिला प्रश्न आडनावाचा. काही आडनावं सगळीकडे सारखी असतात, त्यांवरून काही कळत नाही. तेव्हा लोक गावाचं नाव विचारायचे, मग गावात घर कुठे, विहिरीच्या कोणत्या बाजूला, असं. पोरं हुशार झाली आणि अर्धंच सांगू लागली. त्याच सुमाराला एका घरातला पितळेचा मोठा गंज गेला, लग्नाकार्यात भात शिजवायचा. चोरी भाडेकरूंवर आली. चार-पाच घरमालक मिळून माझ्याकडे आले. मी ऑफिसात हेडक्लार्क होतो, प्रवेशाचे अर्ज माझ्या कपाटात असत. "बडेबाबू," ते म्हणाले, "तुम्हाले सगळं माहीत असते. आम्हाले काही तरी खूण करत जा."

खोली शोधणाऱ्या पोरांना ऑफिसातून एक चिठ्ठी मिळायची, सदर विद्यार्थी आमच्याकडे शिकतो, त्याला खोली द्यावी, खाली सही आणि गोल शिक्का. ती चिठ्ठी मीच लिहायचो. ठरलं असं की शिक्क्यातली अक्षरं सरळ असली तर खोली द्यायची, उजवीकडे झुकलेली असली तर नाही म्हणायचं. लिहिलेलं काही नाही, बोललेलं काही नाही. पोरगा स्वतःच्या हाताने आपला नकार घेऊन दारोदार हिंडायचा आणि त्याला पत्ता नसायचा. ही युक्ती माझी. मला तिचा अभिमानही वाटला होता.

मी चोर शोधत नव्हतो. मी अर्जातला जातीचा रकाना पाहत होतो. बौद्ध, कोलाम, बंजारा, मुसलमान, ज्यांना अल्याड खोली द्यायची नव्हती त्यांच्या चिठ्ठीवर माझा हात उजवीकडे झुकायचा. पुढे दिवाळीच्या आधी कल्हईवाला तो गंज खांद्यावर घेऊन त्या घरी आला. बाईंनीच कल्हईला दिला होता आणि विसरल्या होत्या. सगळे हसले. मालकीण म्हणाली, "बरं झालं बाई, कोणाचं नाव नाही घेतलं." तिरका शिक्का मात्र चालू राहिला.

ऑफिसात एक शिपाई होता, माझ्याच वयाचा, रोजंदारीवरचा. राहायला नाल्यापलीकडे. तेव्हा तिथे कापसाच्या जिनिंगमध्ये आणि गिट्टीखदानीवर काम करणाऱ्यांची सात-आठ घरं होती. ऑफिसातल्या बाकी कागदांवर शिक्के तोच मारायचा, शाईचा पॅड भिजवायचा, शिक्का पुसून ठेवायचा. फक्त या चिठ्ठीवर शिक्का मी मारायचो. संध्याकाळपर्यंत पाच-सहा दारांवरून परत आलेली पोरं कॉलेजच्या पायऱ्यांवर पेटी घेऊन बसलेली असायची. तो घरी जाताना त्यांना आपल्याबरोबर न्यायचा. त्याच्या वस्तीतल्या लोकांनी आधी ओसरी दिली, मग कुडाच्या भिंती घातल्या, मग विटांच्या. नाल्यापलीकडची वस्ती अशी झाली. भाडं स्वस्त होतं हे खरं, पण पोरं त्यासाठी गेली नाहीत.

याच शिपायाचा धाकटा भाऊ तीन-चार वर्षांनी कॉलेजात आला. बाप लवकर गेलेला, आईने आणि थोरल्याने वाढवलेला पोरगा. त्याला नाल्यापलीकडच्या गर्दीत अभ्यास होत नव्हता म्हणून त्याने अल्याड खोली मागितली. त्याच्याही चिठ्ठीवर मी शिक्का तिरका मारला. त्याचा भाऊ तेव्हा शेजारी उभा राहून माझ्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलत होता.

पोरगा डोक्याने तेज. दिवाळीनंतर एक दिवस त्याने चार नाकारलेल्या पोरांच्या चिठ्ठ्या गोळा केल्या, कँटीनच्या टेबलावर ओळीने ठेवल्या. मग खोली मिळालेल्या एका मित्राची चिठ्ठी मालकाकडून मागून आणली आणि त्यांच्याशेजारी ठेवली. तसाच उठून ऑफिसात आला. सगळा स्टाफ बसलेला. त्याने पाचही चिठ्ठ्या माझ्यापुढे मांडल्या आणि विचारलं, "हा शिक्का कोण मारते?"

शिपाई दाराशी ट्रे घेऊन उभा होता. मी म्हणालो, "शिक्का तर त्याच्याच हातात असतो."

एवढंच एक वाक्य. खोटंही नाही म्हणता येणार असं. शिपाई काही बोलला नाही. पोरगा भावाकडे पाहत राहिला आणि चिठ्ठ्या उचलून निघून गेला. बाकीचं लोकांनी आपोआप जुळवलं. पोरं शेवटी कोणाच्या वस्तीत जातात? याच्या. भाडं कोणाला मिळतं? याच्या लोकांना. मग नकार कोण घडवून आणत असेल? संशय इतका चपखल बसला की मला त्यात एक शब्दही घालावा लागला नाही.

त्या दिवसापासून चिठ्ठी बंद झाली. शिपायाला ऑफिसातून काढून मैदानावर पाणी मारायला लावलं. त्याच्या वस्तीने त्याला लग्नाकार्यात बोलावणं सोडलं. ज्यांना त्याने ओसरी मिळवून दिली होती तीच पोरं त्याला पाहून रस्ता बदलायची. भाऊ अमरावतीला निघून गेला, तिकडेच शिकला, शिक्षक झाला. निवृत्त झाल्यावर परत आला आणि अभ्यासिका काढली. तेच हे मास्तर. थोरल्याच्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहतात. बोलणं नाही.

आता ती तारीख. त्या चार चिठ्ठ्यांपैकी एक तांड्यावरून उशिरा प्रवेशाला आलेल्या पोराची होती, पोळ्याच्या आधीच्या आठवड्यातली. त्याच आठवड्यात, चिठ्ठीच्या दोन दिवस आधी, या दोघा भावांची आई गेली. शिपाई तेरा दिवस घरी होता, डोकं मुंडवून. पॅड मीच भिजवत होतो, आणि शाई सदऱ्याच्या बाहीला लागली म्हणून घरी बोलणी खाल्ली होती. त्या चिठ्ठीवरचा शिक्का शिपायाने मारलेला असूच शकत नव्हता. धाकट्याने नुसती तारीख वाचली असती तर मी तिथेच पकडला गेलो असतो. पण संशय एकदा बसला की माणूस तारीख वाचत नाही. मी मात्र रोज वाट पाहत राहिलो, की कधी तरी वाचेल.

मास्तर कागद ठेवून गेले त्यानंतर आठवड्याने मी नाला ओलांडला. आता तिथे पूल आहे, ऑटो थेट जातात. सकाळी पोलीस भरतीची पोरं त्याच पुलावर धावतात. पलीकडे दोन मजली लॉज आहेत, मुलींची वसतिगृहं आहेत, अकॅडमींचे फलक आहेत. आमच्या मागच्या खोल्या रिकाम्या पडल्यात.

शिपाई अंगणात खाटेवर बसून सुपात तूर निवडत होता. मला पाहून उठला नाही.

"काय कागद आणला?" तो म्हणाला. "चष्मा नाही माह्याजवळ."

"सही नको आहे. तुम्हाला भेटायला आलो."

"तुम्ही-बिम्ही नका करू, बडेबाबू. शक येते."

मी खाटेच्या कडेवर बसलो. सांगायला लागलो, तर त्याने मधेच थांबवलं.

"मले माहीत आहे. शिक्का मीच पुसत होतो. तुमची शाई नेहमी उजव्या कोरेले दाटे."

"मग काहून नाही बोलला?"

"माही फाईल कोणापाशी होती?"

त्याला कायम करण्याचा प्रस्ताव तेव्हा माझ्याच कपाटात होता. दोन वर्षांनी मी तो पुढे पाठवला, चांगला शेरा लिहून. तो शेरा लिहिताना मला वाटलं होतं की आपण हिशेब चुकता केला. त्याला काय वाटलं, हे विचारायचं धाडस आजही झालं नाही.

"आता कायले आले?" तो म्हणाला. "डॉक्टरनं काही सांगतलं काय तुम्हाले?"

"नाही."

"मंग माहं भलं कराले आले, की तुमचं?"

त्याने सुपातला एक खडा काढून लांब फेकला.

"मले सांगून काय फायदा? मले तं ठाऊकच होतं. त्याले सांगा. आन् नुसतं तोंडानं नका सांगू. तो म्हणन, भावानंच पाठवलं म्हाताऱ्याले."

मग मी त्याला तारखेचं सांगितलं. हे त्याला माहीत नव्हतं. तो बराच वेळ बोटांवर काही तरी मोजत राहिला. "बुढी गेली तेव्हाची?" एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. त्याने सूप बाजूला ठेवलं. चहा विचारला नाही.

घरी येऊन मी हे सगळं, इथवर, लिहून काढलं आणि चौथ्या दिवशी अभ्यासिकेत गेलो. पंधरा-वीस पोरं-पोरी मान खाली घालून बसलेली. मास्तरांनी पानं घेतली आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून वाचली. मधे एकदा माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचायला लागले. वाचून झाल्यावर कपाट उघडलं, खालच्या कप्प्यातून एक प्लास्टिकची पिशवी काढली. चार चिठ्ठ्या. कागद पिवळे पडलेले, शाई जांभळीच. त्यांनी तांड्यावरच्या पोराची चिठ्ठी शोधली आणि खिडकीजवळ नेली. ओठ हलत होते. दिवस मोजत असावेत.

"हे तुम्हाले तेव्हापासून माहीत होतं?"

"हो."

"आन् माहा भाऊ मैदानावर पाणी मारत होता."

"हो."

त्यांनी आवाज चढवला नाही. पोरं वाचत होती म्हणून असेल. समोरच्या मुलीला म्हणाले, "बाई, पाच मिनिटं लक्ष ठेव," आणि चिठ्ठी तशीच हातात घेऊन बाहेर पडले. खिडकीतून गल्ली दिसते. ते कोपऱ्यापर्यंत गेले, थांबले, परत दोन पावलं मागे आले, पुन्हा थांबले. मी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसलो. अशा खिडकीतून मी आयुष्यात खूप पाहिलं आहे.

पाच मिनिटांचा अर्धा-पाऊण तास झाला असेल. चपलांचा आवाज आला. मास्तर आत आले, माझ्याकडे न पाहता टेबलावरची माझी पानं उचलली.

"नेतो हे," ते म्हणाले. "तो म्हणते, चष्मा नाही, तूच वाचून दाखव."

दाराशी गेल्यावर वळले. "सही नाही केली तुम्ही यावर."

मी खिशातलं पेन काढलं. त्यांनी पानं भिंतीला टेकवून धरली आणि मी पूर्ण नावाची सही केली. माझ्याजवळ उरली आहे ती ही दुसरी प्रत, शेवटचं घडलेलं नंतर जोडून लिहिलेली. पहिली अजून भिंतीवर लागलेली नाही. ती थोरल्याच्या घरी आहे असं कळतं. मास्तर रोज संध्याकाळी तिकडे जातात, एवढं मी ऐकलं आहे. खरं-खोटं पाहायला गेलो नाही.