मनोहर डॉक्टरांची दुसरी यादी

मनोहर डॉक्टर गेल्याचा निरोप घेऊन त्यांचे कंपाउंडर भानुदास शाळेत आले, तेव्हा मी नववीच्या वर्गावर होतो. "मास्तर, डाक्टर गेले... सकाळी चहा घेता घेता," एवढं बोलून ते दारातच रडायला लागले. मी त्यांना पाणी दिलं आणि उरलेला तास पूर्ण शिकवला. मला दुःख झालं नाही. महिना उलटला तरी परंड्यात लोक त्यांच्या नावानं हळहळतात, म्हणून हे लिहितो आहे. कुणाला राग आला तर येऊ दे.

निजामाच्या संस्थानाच्या विलीनीकरणानंतर काही वर्षांनी ते परंड्यात आले. माणूस हुशार, यात वाद नाही. त्यांच्याकडं विलायतेहून एक मासिक यायचं, फक्त रक्तदाबाच्या संशोधनाला वाहिलेलं. कुर्डुवाडीच्या गाडीनं टपाल आलं की ते हात धुऊन मगच पाकीट फोडायचे. त्या मासिकात आपला लेख छापून यावा, हा एकच ध्यास. त्यासाठी खेडोपाडी फिरून त्यांनी लोकांच्या दंडाला पट्टा बांधला, पारा चढवला, आकडे टिपून घेतले. माझं शिक्षण उर्दूतलं, पण इंग्रजी बरं. लेखाची भाषा सुधारून पक्की प्रत करायचं काम त्यांनी मला दिलं. मी फुशारून गेलो होतो, हेही कबूल करतो.

माझ्या अम्मीचा रक्तदाब फार वाढलेला निघाला. डॉक्टर दर सोमवारी स्वतः घरी यायचे, पट्टा बांधायचे, आकडा लिहायचे, चहा प्यायचे. अम्मीनं लोणचं सोडलं, भाजीतलं मीठ सोडलं. एकदा तिनं हसत विचारलं, "डाक्टरसाब, पट्टा तर दर हप्त्याला बांधता, गोळी कदी देनार?" ते म्हणाले, "बघू या, घाई काय आहे?" तिनं नंतरही दोनदा विचारलं... उत्तर तेच.

लेखात दोन याद्या होत्या. पहिल्या यादीतल्यांना रक्तदाब उतरवणाऱ्या सर्पगंधेच्या गोळ्या, दुसऱ्या यादीतल्यांचं नुसतं मोजमाप. नावं नव्हती, फक्त क्रमांक. दोन्ही याद्या मी माझ्या वळणदार अक्षरात उतरवल्या आणि काहीही विचारलं नाही.

लेख टपालात पडला आणि महिन्याभरात अम्मी पीठ मळता मळता कोसळली. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डॉक्टर धावत आले. तिला तपासून ते उठले, तेव्हा मी विचारलं, "अम्मी कुठल्या यादीत होती?"

"दुसऱ्या."

"गोळ्या होत्या तुमच्याकडं?"

"होत्या, मास्तर. पण सगळ्यांनाच दिल्या असत्या, तर गोळीनं फरक पडतो हे कळणार कसं?"

"तिला विचारलं होतं का हे?"

ते पट्टा गुंडाळून पेटीत ठेवू लागले. अम्मी ऐकत होती. तिला ऐकू येत होतं...

लेख छापून आला. तो अंक घेऊन ते दारात आले. शेवटी आभारात माझं नाव होतं, तिथं बोट ठेवून दाखवू लागले. मी दार लावून घेतलं. अम्मी त्यानंतर दोन वर्षं अंथरुणावर होती, मी तिला भरवायचो. डॉक्टरांनी पुढं सगळ्यांनाच गोळ्या सुरू केल्या, त्यातले कितीतरी आज हिंडतेफिरते आहेत. हे मी नाकारत नाही. पण अम्मीसमोर बसून चुकलो असं म्हणायला ते कधी आले नाहीत. गेल्या वर्षी एसटी स्टँडवर भेटले. "अजून राग आहे, मास्तर?" "आहे," म्हणालो आणि गाडीत चढलो.

शोकसभेत त्यांचा सहकारी म्हणून मला बोलायला उभं केलं. आधीच्या वक्त्यांनी त्यांना देवमाणूस ठरवलंच होतं. मी म्हणालो, "डॉक्टरांच्या लेखात माझी आई एक क्रमांक होती. तिचं नाव खैरुन्निसा. तिनं तीनदा गोळी मागितली होती." अध्यक्षांनी मला बसायची खूण केली.

तेवढ्यात मागं, बायकांमध्ये बसलेली एक बाई उभी राहिली. मी तिला ओळखत नव्हतो. डोईवरचा पदर सावरत ती म्हणाली, "माझ्या सासूला बी नुसता पट्टाच बांधत व्हते, मास्तर. गोदावरी नाव तिचं."