अक्कानं निवडलेली जोडी

केकवर उभी करतात ती नवरा-नवरीची छोटी जोडी मी पहिल्यांदा पाहिली अक्काच्या हातात. मी हुमनाबादच्या दवाखान्यात नर्स म्हणून नवीनच लागले होते आणि बाळंतिणींच्या वॉर्डात अक्का सगळ्यांत जुनी सिस्टर होती. आमच्यातल्याच एका सिस्टरचं लग्न बिदरला चर्चमध्ये होतं. आम्ही सगळ्याजणी जीपनं निघालो. केकचं खोकं एकीच्या मांडीवर होतं आणि अक्काच्या ओंजळीत कापसात गुंडाळलेली ती जोडी. बिदर येईपर्यंत तिनं हात जरासुद्धा खाली टेकवला नाही.

"ह्याचं पुढं काय करतात?" मी विचारलं.

"घरी नेऊन कपाटात ठेवतात," अक्का म्हणाली. "मग इसरतात."

आमच्यात, म्हणजे बौद्धांच्यात, लग्नाला नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत असतात. माझ्या लग्नातली साडीही पांढरीच होती. त्यामुळं असेल कदाचित, पण केकवरची ती बोटभर पांढरी नवरी मला परकी वाटली नाही. पुढं वर्षभरानं त्या सिस्टरच्या घरी गेले तर जोडी खरंच कपाटात मागं पडलेली होती. नवरीच्या डोक्यावरची जाळी पिवळी झालेली. मी मागितली आणि तिनं हसत देऊन टाकली.

तिथून नाद लागला. बिदर, कलबुर्गी, हुमनाबाद, जिथं ओळखीची ख्रिस्ती माणसं होती तिथं मी विचारत राहिले. कुणाची प्लास्टरची, कुणाची प्लास्टिकची, एक तर नुसत्या साखरेची, जी पहिल्याच पावसाळ्यात पाझरून गेली. नवऱ्याचा काळा कोट तेवढा काचेला चिकटून राहिला. कुणी म्हणायचं, सासूची आहे, फेकवत नाही आणि ठेवायला जागा नाही, तुम्हीच न्या. मी प्रत्येकीखाली चिठ्ठी चिकटवायची, कुणाच्या लग्नातली, कुठली. माझे यजमान शाळेत मास्तर आहेत. ते एकदा कपाटासमोर उभं राहून म्हणाले, "आपलं एकच लगीन झालंय. बाकीची दहा कामून मांडून ठेवलीस?" मी काच पुसून कपाट लावून घेतलं.

अक्का स्वतःही ख्रिस्ती, आणि विधवा होती. लग्नानंतर चौथ्या वर्षी तिचा नवरा काविळीनं गेला, मूलबाळ नव्हतं, आणि त्यानंतरचं सगळं आयुष्य तिनं दुसऱ्यांची बाळं जगात आणण्यात घालवलं. मला तिनं सगळं शिकवलं. शीर कशी शोधायची, रडणाऱ्या नातेवाइकांशी कसं बोलायचं, झोपलेल्या बाळाच्या मुठीत अडकलेलं आईचं मंगळसूत्र बाळ न जागवता कसं सोडवायचं. रिटायर झाल्यावर ती आळंद तालुक्यात, मादन हिप्परग्याला भावाच्या घरी राहायला गेली. जाण्याच्या आदल्या दिवशी तिनं बिस्किटाचा पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला. आत तिच्या लग्नातली जोडी होती. प्लास्टरची, नवरीचं नाक झिजून सपाट झालेलं.

"अक्का, ही तुमची हाय. मी नेऊ कशी?"

"तुज्याकडं दहा हायत. माजी एकटीच हाय डब्यात," ती म्हणाली. "तितं तरी सोबत व्हईल."

तीन-एक वर्षं गेली. आम्ही फोनवर बोलायचो. हळूहळू ती तेच तेच विचारायला लागली. ड्यूटी कुठली आहे, अमक्या खाटेवरच्या बाईचे टाके सुकले का. ती बाई केव्हाच आजी झाली होती. मला काय चाललंय ते कळत होतं. दवाखान्यात अशी माणसं रोज बघतो आपण. पण आपल्या माणसाचं कळूनही कळत नाही.

मग एक दिवस तिच्या भावजयीचा फोन आला. मी त्यांना वैनी म्हणते.

"अक्का दोन दिस झालं जेवंना झाल्यात," वैनी म्हणाल्या. "म्हणायल्यात, त्या पोरीनं माजा माणूस नेला. कोण पोरगी म्हटलं तर म्हणतात, वॉर्डातली. तुमच्याकडं काय हाय का त्यांचं?"

रजा टाकली आणि पत्र्याचा डबा पिशवीत घालून निघाले. हुमनाबादहून कलबुर्गी, तिथून आळंद, मग हिप्परगा. अक्का अंगणात खाटेवर बसली होती. तिनं मला ओळखलं, नीट नावानं हाक मारली. मी डबा उघडून जोडी तिच्या हातात दिली. तिनं ती उलटीसुलटी केली आणि परत डब्यात ठेवली.

"ह्यो न्हाई."

"अक्का, हीच तुमची. बघा, नाक झिजलंय नवरीचं. तुमीच दिलती."

"ह्यो कोण हाय मला म्हाईत न्हाई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. मला चुकीचा केसपेपर आणलास असं सांगायची तसंच म्हणाली.

पुढच्या आठवड्यात मी सगळ्याच जोड्या सुटकेसमध्ये घेऊन गेले. वैनींनाच वाटत होतं की एकदा सगळं दाखवावं, म्हणजे मनातलं निघून जाईल. मलाही तसंच वाटलं. खाटेवर चादर पसरून मी एकेक जोडी मांडली. अक्का पुढं सरकली. तिचे हात एकदम पूर्वीसारखे झाले. एकेकीला उचलायची, मानेखाली बोट द्यायची, पाठ बघायची, पाय बघायची आणि खाली ठेवायची. वॉर्डात नवी बाळं तपासायची तशीच. शेवटून दुसरी उचलली आणि थांबली.

"ह्योच," ती म्हणाली.

ती बिदरच्या एका मास्तरणीच्या आईच्या लग्नातली जोडी होती. वर तारेची कमान, कमानीला दोन चांदीसारख्या घंटा, आणि नवऱ्याला कुणीतरी नंतर शाईनं मिशा काढलेल्या. माझ्याकडची सगळ्यांत देखणी. पण ती माझी नव्हतीच. मास्तरणबाई घर पाडून नवं बांधत होत्या, सामानात फुटेल म्हणून त्यांनी ती माझ्याकडं ठेवायला दिली होती. "पोरीच्या लग्नाला लागंल," त्या म्हणाल्या होत्या, "आजीची जोडी नातीच्या केकवर." मी शब्द दिला होता.

"अक्का, ही दुसऱ्याची हाय," मी म्हणाले.

ती माझ्याकडं बघून हसली. कित्येक महिन्यांत ती हसली नव्हती असं वैनी नंतर म्हणाल्या. "दुसऱ्याची कशी? मिशा बघ की." अक्काच्या नवऱ्याला मिशा होत्या का हे मला माहीत नाही. त्याचा एकही फोटो मी कधी पाहिला नव्हता. तिनं जोडी मुठीत धरली आणि त्या दुपारी तिनं भाकरी खाल्ली. वैनींच्या डोळ्यांत पाणी आलं. मी बाकीच्या जोड्या परत सुटकेसमध्ये भरल्या आणि ती तिथंच ठेवून आले. मास्तरणबाईंच्या मुलीचं लग्न अजून ठरायचं होतं. तोवर बघू, असं मी मनाशी म्हटलं. बिदरला फोन करून सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं.

लग्न त्याच हिवाळ्यात ठरलं. मास्तरणबाईंचा फोन आला, "जोडी घेऊन या, केकवाल्याला माप दाखवायचंय." मी म्हटलं, येते. दुसऱ्यांदा आला तेव्हाही येते म्हटलं. मधल्या दिवसांत मी फोनवर तसलीच जोडी शोधत बसले. एक मागवली सुद्धा. आली ती गुळगुळीत प्लास्टिकची, दोघंही दात दाखवून हसणारी. ती बघून मला मास्तरणबाईंसमोर उभं राहायचीही लाज वाटली. शेवटी रविवारी बिदरला गेले, खरं काय ते सांगायला.

घर नवं, भिंतींना अजून रंगाचा वास होता. बैठकीत भिंतीतच एक काचेचा कोनाडा केला होता, आत दिवा. रिकामा. त्याच्या वर मास्तरणबाईंच्या आईचा फोटो लावलेला, हारासकट. आई उन्हाळ्यात गेल्याचं मला माहीतच नव्हतं.

मी सगळं सांगितलं. अक्काचं जेवण, मूठ, मिशा. चहा गार झाला.

"तुमच्या अक्काचं ऐकून मला लई वाईट वाटायलंय," त्या म्हणाल्या. "खोटं सांगत न्हाई. पण माज्या आईची एवढीच वस्तू राहिलीय. घर पाडताना बाकी सगळं गेलं. मरायच्या आदी तिनं पोरीला सांगितलंय, माजी जोडी तुज्या केकवर ठिव म्हणून. मी पोरीला काय सांगू?"

त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचं काहीच चुकत नव्हतं. अक्काचंही चुकत नव्हतं. चुकले होते मी एकटी, आणि ते आता दुरुस्त करायचं तर कुणाच्या तरी हातातून काढूनच घ्यावं लागणार होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी हिप्परग्याला गेले. दुपारची वेळ, अक्का झोपली होती. छातीशी मूठ, मुठीत कमान. एक घंटा केव्हाची गळून पडलेली, ती वैनींनी जपून चहापत्तीच्या डब्यात ठेवली होती.

"घ्या," वैनी हळूच म्हणाल्या. "झोपेत हायत तवरच घ्या. जाग्या असताना जमायचं न्हाई."

मी खाटेशेजारी बसले. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं, मग मधलं. बोट ओढायचं नाही, खालून आधार देऊन उघडू द्यायचं. हे मला तिनंच शिकवलं होतं. तिचा श्वास जराही बदलला नाही. मोकळ्या झालेल्या तळव्यावर मी तिची स्वतःची जोडी ठेवली, नाक झिजलेली. बोटं तिच्याभोवती मिटली नाहीत. मी थांबले नाही. मला थांबायचा धीर नव्हता.

आळंदच्या पुढं बस गेली तेव्हा वैनींचा फोन आला. मागून अक्काचा आवाज येत होता, रडण्याचा नाही, ओरडण्याचाही नाही, कुणाला तरी शोधताना हाका मारतात तसा. वैनी म्हणाल्या, "सगळं घर उलथंपालथं करायल्यात. अंगणात जाऊन खाटेखाली बघायल्यात. मी काय करू सांगा."

माझ्या मांडीवर पिशवी होती. बस थांबवून उतरले असते तर परतीची बस मिळाली असती. बिदरला दुसऱ्या दिवशी सकाळी लग्न होतं. मी बाहेर बघत राहिले. तुरीची शेतं मागं जात होती. "परवा येते," मी म्हटलं. "त्यांना पाणी द्या, वैनी. जवळ बसा." पेशंटच्या घरच्यांना आम्ही असंच सांगतो, जेव्हा सांगण्यासारखं काही उरलेलं नसतं.

लग्न चांगलं झालं. घंटा मी रेशमी दोऱ्यानं परत बांधली होती. केकच्या वरच्या थरावर जोडी ठेवली तेव्हा मास्तरणबाईंनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मुलगी आजीच्या फोटोकडं बघून रडली, मग हसली. मला केकचा मानाचा पहिला तुकडा दिला. मी खाल्ला. गोड होता.

परवा म्हणाले होते तशी गेले. वैनी दारातच भेटल्या. मी अक्काच्या तळव्यावर ठेवलेल्या तिच्या जोडीचे दोन तुकडे झाले होते. अक्कानं ती भिंतीवर फेकली होती. नवरा आणि नवरी एकमेकांपासून अलग झालेली, वैनींनी दोन्ही तुकडे कागदात बांधून ठेवले होते. "काल सकाळपासून गप हायत," त्या म्हणाल्या. "कायच मागंनात. जेवतात, दिलं तर."

मी आत पाऊल टाकलं. अक्का खाटेच्या कडेला ताठ बसली होती, पदर कमरेला खोचून. तिनं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत मी नव्हते.

"कोण पायजे?" तिनं विचारलं.

"अक्का, मी."

"पेशंटचं नाव काय?"

वैनी माझ्याकडं बघत होत्या. मी अक्काचंच नाव सांगितलं.

तिनं क्षणभर आठवून बघितलं, मग मान हलवली. "आता आत सोडता येत न्हाई," ती म्हणाली. आवाज समजुतीचा होता, वॉर्डाच्या दारात उभ्या असलेल्या किती माणसांना तिनं तसं सांगितलं असेल. "झोपलीय ती. बाहेर बसा तुमी. मी बोलावते."

मी बाहेर येऊन पायरीवर बसले. वैनींनी चहा आणून दिला आणि शेजारी बसून तांदूळ निवडायला लागल्या. आत अक्का कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होती. शेवटची बस निघायच्या वेळेपर्यंत मी बसून राहिले. तिनं बोलावलं नाही.