बारवेचा तळ

नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात मी रुजू झाले तेव्हा हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. आमचं गाव उन्हाळाभर टँकरवर जगायचं. बोअर घ्यायचा, तो कोरडा निघायचा, मग आणखी खोल घ्यायचा, असं चाललेलं. नवीन आलेल्या मुख्याधिकाऱ्यांनी ते थांबवलं. म्हणाले, "जुनी बारव उपसा. आसपासच्या छपरांचं पाणी तिच्यात सोडा. गावाला आपलं पाणी साठवता आलं पाहिजे." काम माझ्याकडे आलं. माझी पहिलीच नोकरी होती.

बारव निजामाच्या काळातली. पायऱ्या धड होत्या, पण पाण्यावर कचऱ्याचा जाड थर साचलेला. वर्षानुवर्षं तिथून कोणी घागर भरली नव्हती. का, ते मजूर घेऊन गेले तेव्हा कळलं. तांड्यावरची एक वयस्क बाई वरच्या पायरीवरच थांबली.

"मॅडम, हिच्यात एक पोरगी हाय. तिच्या माणसाला इचारल्याबिगर आमी हात लावनार न्हाई."

तिचं माणूस म्हणजे खाला. बारवेला लागूनच त्यांचं घर होतं. टोपलीत बांगड्या घेऊन त्या गावभर फिरायच्या आणि हिंदू-मुसलमान सगळ्यांच्याच खाला होत्या. मी विचारायला गेले तेव्हा त्यांनी मला खाटेवर बसवलं, पाणी दिलं. टँकरचंच.

"छोटी बहीण होती," त्या म्हणाल्या. "दुपारी आमचं भांडण झालं. भांडण तरी कशाचं, कपडे वाळू घालायचं. ती मागच्या दारानं गेली. सांजच्याला पायरीवर तिच्या चपला घावल्या. माणसं उतरली, पन गाळ लई होता. काहीच हाती आलं न्हाई. अब्बा म्हनले, अल्लाची मर्जी. तवापासून मी इथंच हाय. दर जुमेरातीला पायरीवर उदबत्ती लावते."

"मग उपसू नको का, खाला?"

"उपस, बेटी. तिला नीट माती द्यायची राहिली माझ्याकडून."

पंपानं पाणी काढलं आणि मग गाळ उघडा पडला, काळा, लोण्यासारखा मऊ. मजूर पायऱ्यांवर रांग करून टोपल्या वर देत. खाला धंदा बंद ठेवून काठावर बसायच्या. प्रत्येक ढीग हातानं चाळायच्या. सायकलची रिम निघाली, पितळी तांब्या निघाला, बाहुली निघाली. बाहुलीचा हात गाळातून वर आला तेव्हा रांगेतल्या एका बाईनं किंचाळून टोपली सोडून दिली. खालांनी ती बाहुली धुतली आणि बाजूला ठेवली. बांगड्यांचे तुकडे तर मूठमूठभर निघत होते. त्या प्रत्येक तुकडा उन्हाकडे धरून पाहायच्या. आजूबाजूच्या घरांतल्या फुटक्या बांगड्या बारवेतच पडायच्या, त्यामुळं ओळखणार तरी काय?

मला रात्री झोप लागेना. रोज कामावर जाताना वाटायचं, आज सापडेल. आणि मग वाटायचं, आज नको.

एके दिवशी पहारीचा आवाज बदलला. खाली खडक लागला होता. कोपऱ्यातल्या भेगेतून पाणी पाझरायला लागलं आणि मजुरांनी आरोळी दिली, "झरा! झरा लागला!" मुख्याधिकारी धावत आले, कोणी नारळ आणला. त्या गडबडीत खाला एकेक पायरी उतरून तळाशी गेल्या. उघड्या खडकावर त्यांनी तळहात फिरवला. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, भिंत चाचपत.

"इथं कोनी न्हाई," त्या म्हणाल्या.

मला हायसं वाटलं. मी खाली जाऊन त्यांचा हात धरला. "म्हणजे त्या जिवंत असतील, खाला. कुठंतरी सुखात असतील."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जिती हाय, तर मग इतकी सालं आली काहून न्हाई?"

वर नारळ फुटला.

त्या पावसाळ्यात छपरांचं पाणी नळ्यांमधून बारवेत आलं. पुढच्या उन्हाळ्यात त्या वॉर्डात टँकर लागला नाही. दुसऱ्या नगरपालिकांची माणसं पाहायला येत आणि मी त्यांना पायऱ्या उतरून दाखवायची. पाणी इतकं नितळ की तळ दिसायचा. मी मात्र फार वेळ खाली बघत नसे.

खालांनी उदबत्ती लावणं बंद केलं. टोपली घेऊन त्या आता दिवसभर एसटी स्टँडवर बसायच्या. औंढ्याची गाडी आली की उठायच्या, सेनगावची आली की उठायच्या. उतरणाऱ्या, आपल्याच वयाच्या बायकांचे चेहरे पाहायच्या.

"इथं बांगड्या खपतात का?" मी एकदा विचारलं.

"खपवाया कोन आलं?" त्या म्हणाल्या.

बदलीची ऑर्डर हातात पडली त्या आठवड्यात मी स्टँडवर होते. सेनगावच्या गाडीतून एक सावळी, थकलेली बाई उतरली. खालांनी तिचा हात पकडला आणि तोंड जवळ नेऊन पाहू लागल्या. बाई आधी दचकली. मग काय समजली कोण जाणे, तिनं पिशवी खाली ठेवली आणि खालांच्या शेजारी बसली.

"मी तुमची कोनी नव्हं, माय," ती हळूच म्हणाली.

"मालूम हाय," खाला म्हणाल्या. "थोडं बस."

ती बसली. गाडी रिकामी झाली, पुन्हा भरली, निघून गेली. खालांनी हात सोडला नव्हता, आणि त्या बाईनंही तो सोडवून घेतला नव्हता.