गावंडे सरांचा तास

गावंडे सर वर्गात आले की आधी स्वतः बसायचे आणि मग मुलांना बसायला सांगायचे. डोळे मिटून एक लांब श्वास सोडायचे. "चाला, काढा भूमिती." दिवसाचा पहिला तास असला तरी हेच. सर जाऊन आता बरीच वर्षं झाली.

मारेगावच्या त्या शाळेत मी बी.एड.ची विद्यार्थिनी म्हणून गेले होते. मागच्या बाकावर बसून तिथल्या शिक्षकांचे तास पाहायचे आणि मग स्वतः सरावपाठ घ्यायचे, हे आमचं काम. मी यवतमाळची, वडील कचेरीत. कापूस पाहिला तो बाजारात, गाड्यांवर. ती वर्षं त्या भागाला फार वाईट गेली. कोणत्या गावात कोण फवारणीचं औषध प्यालं, ही बातमी प्रार्थनेआधी शाळेत पोचायची. सर निवृत्तीला आलेले, त्यात रिकाम्या जागेचे तासही त्यांच्याच गळ्यात. त्यांचं शिकवणं मला सपक वाटे. ना गोष्ट, ना विनोद. "थकलेला माणूस सोपं शिकवते," ते म्हणत, "पोट्ट्याइचा फायदाच आहे."

एका सोमवारी दहावीतली सविता शाळेत आली. तिच्या वडिलांना जाऊन पंधरवडाही झाला नव्हता. मराठीच्या बाईंनी तिला जवळ घेतलं, डोळ्यांना पदर लावला. सगळा वर्ग रडला. पुढच्या तासाला इतिहासाच्या सरांनी तिला उभं करून धीराचे चार शब्द सांगितले. मी भारावून ऐकत होते. सविता खिडकीजवळच्या बाकापाशी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

मग गावंडे सर आले.

"सविता, कंपास कुठं आहे?"

"घरी राह्यला, सर."

"काहून? भूमितीच्या तासाले कंपास लागत नाही का? ये, फळ्यावर आकृती काढ."

तास संपल्यावर मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. "सर, आज तरी तिला बोलायला नको होतं."

ते भिंतीला हात लावून थांबले. "सकाळपासून ते मेलेल्या बापाची पोरगी होऊन बसली, बेटा. एक तास तिले दहावीची पोरगी राहू दे." मग म्हणाले, "काल मीच गेलतो तिच्या मायले सांगाले, पोरीले शाळेत धाड म्हणून. माय म्हणे, सारे तिच्याकडेच पाहतीन. म्हटलं, माझ्या तासाले सारे फळ्याकडं पाहतात." पायऱ्या उतरताना स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "थकलो बा अशा घरी जाऊन जाऊन."

पुढच्या आठवड्यात त्याच वर्गावर माझा पाठ होता आणि मागच्या बाकावर सर होते. मी सगळ्यांना प्रश्न विचारत होते, सविताला सोडून. मागून आवाज आला, "मॅडम, खिडकीजवळ पण पोरी बसल्या आहेत."

मी सविताला विचारलं. तिचं उत्तर चुकलं. 'असू दे, बस' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. सरांनी हळूच नकारार्थी मान हलवली.

"चुकलं, सविता. पुन्हा सांग."

तिनं कपाळाला आठ्या घातल्या, आकृतीकडे पाहिलं आणि बरोबर सांगितलं. मग माझ्यावर किंचित चिडूनच खाली बसली.

मी मोठ्या आशेनं सरांकडे पाहिलं. त्यांची मान छातीवर कलली होती, बारीक घोरणं ऐकू येत होतं. घंटा झाली, तरी त्यांना कोणी उठवलं नाही. मुलं चपला हातात घेऊन बाहेर पडली.