रेडिओवर दिसलेला फोटो

आज तीन मार्च. वर्षाच्या तिखटासाठी मिरच्यांचे देठ खुडत बसले आणि ठसका लागताच चार वर्षांपूर्वीची अशीच दुपार आठवली. लेकीचा साखरपुडा झाला होता, पण लग्नानंतर तिनं बँकेतली नोकरी सोडावी, असा होणाऱ्या विहीणबाईंचा हट्ट होता. त्यांना तोंडावर नाही म्हणायची माझी हिंमत होईना, म्हणून मोबाईलच्या ॲपवरून रेडिओच्या सल्ल्याच्या कार्यक्रमात फोन लावला आणि ‘जालन्याची एक ताई’ एवढंच नाव सांगून सगळं बोलले. मोबाईल बाजेवर होता, हात मिरच्यांत. आता रेडिओवर आवाजासोबत चित्रंही दिसतात हे मला ठाऊकच नव्हतं. तेवढ्यात लेक ओरडत आली, “आई, तू दिसून राह्यलीस!” बघते तर ॲपला लावलेला माझा साखरपुड्यातला फोटो, त्यात माझ्या शेजारी खुद्द विहीणबाई, आणि खाली प्रश्न: ‘सुनेनं नोकरी सोडावी का?’ ऐकणारे हो-नाहीची बटणं दाबत होते, आकडे भराभर वाढत होते. लगेच विहीणबाईंचाच फोन आला. “विहीणबाई, फोटो झकास आलाय आपला,” त्या म्हणाल्या. “मी बी ‘हो’चं बटण दाबलं बरं का. पण साऱ्या जिल्ह्याला सांगितलं, मंग मलाच सांगता येत न्हवतं?” ते बोलणं आजही बोचतं, कारण ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटी काढली, जुन्या जालन्यात त्यांच्या कापडाच्या दुकानात गेले आणि गिऱ्हाइकांसमोरच म्हणाले, “ती नोकरी सोडणार न्हाई. जमत नसेल तर सोयरीक इथंच थांबवू.”