जमदग्नी आणि ओकच्या फळ्या

काही माणसांचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. आमच्या जमदग्नींचा मुठीत होता. इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकच्या मराठी मंडळींत हे नाव कुणी ठेवलं आठवत नाही, पण त्यांच्या देखत ते घ्यायची कुणाची छाती नव्हती. तोंडावर ते ‘काका’. बंद पडलेला टोस्टर त्यांनी ठोसे मारून सुरू केलेला मी पाहिलाय, आणि पार्किंगचं मशीन लाथेनं वाकवलेलंही.

मला त्यांचा हा राग आवडायचा, उगाच खोटं कशाला बोलू? नवा नवा आलो होतो तेव्हा बसस्टॉपवर दोन दारुडे मला धक्के देत होते. काका कुठूनसे आले आणि छत्रीनं दोघांना झोडपत सुटले. छत्री मोडली तेव्हा नुसत्या दांड्यानं. एकाचं नाक फुटलं, दुसरा पळाला. मग मला घरी नेऊन काकूंच्या हातचं पिठलं खायला घातलं. “जेव गुमान! उपाशी माणसालाच सगळे पुश करतात.”

त्यांच्या घरात जमिनीखालून गरम पाण्याचे पाइप होते आणि वर काकांनी हट्टानं घातलेलं अस्सल ओकच्या लाकडाचं फ्लोअर. काकूंचे गुडघे गेल्यापासून ते रोज काकाच पुसायचे. पुण्यातली शहाबादी फरशी पुसावी तसं, बादलीभर पाण्यानं. मग वाळावं म्हणून थर्मोस्टॅट फुल! वरून पाणी, खालून आच. फळ्यांच्या कडा उचलल्या, फटी पडल्या. फळ्या बसवणारा फिटर बघायला आला आणि म्हणाला, “नो वेट मॉप, सर. अँड टर्न द हीट डाउन.” काकांनी त्याची कॉलर धरली. “माझं घर मी कसं पुसायचं ते हा सांगणार?” त्याला दाराबाहेर ढकललं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बादली.

अशाच एका उचललेल्या फळीला अडखळून काकू पडल्या. खुबा मोडला. ऑपरेशननंतर हॉस्पिटलची थेरपिस्ट घर बघायला येणार होती. चालायला जमीन सपाट असेल तर काकू घरी, नाहीतर नर्सिंग होममध्ये. काकूंचा एकच धोशा, “अहो, मला घरी न्या हो.”

थेरपिस्ट यायच्या आदल्या दिवशी मी गेलो, तर काका पहारीनं फळ्या उखडत होते.

“काका, थांबा! आपण बिल्डर बोलवू.”

“हिनं माझ्या बायकोला पाडलं!” प्रत्येक फळीला एक शिवी. तळहात सोलले होते, कपाळावरून रक्त ओघळत होतं. मी मागून कमरेला मिठी मारली, तर त्यांच्या कोपरानं माझा ओठ फुटला. शेवटची फळी निघेना. त्यांनी पहार डोक्यावरून उगारून हाणली. ती फळी फोडून खालच्या पाइपात घुसली. गरम पाणी तोंडावर उडालं, तरी ते हाणतच राहिले.

सगळं घर पाण्यात. हीटिंग बंद, दुरुस्तीला कित्येक महिने. थेरपिस्टनं दारातूनच नकार दिला. काकू नर्सिंग होममध्ये गेल्या आणि थंडी सरायच्या आत तिथेच वारल्या.

अंत्यविधी उरकून मी काकांना घरी सोडलं. उघड्या काँक्रीटवर खुर्ची ओढून ते बसले.

“फळ्यांना मारलं, फिटरला मारायला धावलो. पाणी तर मीच ओतत होतो रे. आता कुणाला मारू?”

मूठ वळलेलीच होती. ती त्यांनी स्वतःच्या छातीत हाणली. पुन्हा हाणली. मी दोन्ही हातांनी मनगट धरलं, पण त्या म्हाताऱ्याचा हात मला आवरेना.