गारमावशीचं शनिवारचं ताट

गारमावशी कुठलाही पदार्थ गरम असताना चाखत नसत. शुक्रवारी दुपारी त्यांच्या चुलीवर चिंचगुळातली वांगी रटरटत असायची, भिंतीपलीकडे माझा जीव त्या वासानं कासावीस व्हायचा, आणि मावशी चमचाभर रस बशीत काढून, बशी खिडकीत ठेवून, हाताची घडी घालून तिच्यासमोर उभ्या असायच्या. दहा मिनिटं, कधी पंधरा. मग जिभेवर एक थेंब. आणि बहुतेक वेळा "मीठ निजलंय" एवढंच म्हणून भांड्यात आणखी एक चिमूट.

"गरमपणी कशालाही चव येते, बाई," त्या मला सांगायच्या. "उद्या दुपारी एक वाजता ह्याचं काय होणार, ते मला आज कळायला हवं."

मी गारगोटीहून कोल्हापुरात एका मुलींच्या शाळेत शिकवायला आले, ते स्वातंत्र्यानंतरचं दुसरं वर्ष. मंगळवार पेठेत त्यांच्या शेजारची खोली मला मिळाली. मावशी वीसेक वर्षं प्रसूतिगृहात नर्स होत्या, ह्या गल्लीत मात्र माझ्या थोड्याच आधी राहायला आल्या होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलता एक मुलगा मुंबईत होता. त्या मूळच्या अलिबागकडच्या, बेने इस्रायल, म्हणजे ज्यू. कोकणात त्यांच्या लोकांना शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा तेलाचा घाणा बंद. शुक्रवारी सूर्य मावळला की मावशी दिवा लावून प्रार्थना म्हणायच्या, आणि तिथून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत घरात काडी ओढायची नाही, चूल पेटवायची नाही. बाळंतपणाचं बोलावणं आलं तर मात्र शनिवारीही पदर खोचून निघायच्या. "मूल वार बघून येत नाही, आणि देवाला ते माहीत आहे," हे त्यांचं त्यावरचं म्हणणं.

गल्लीला हे काही केल्या उमगत नसे. शनिवार म्हटल्यावर बाईंना साडेसाती असणार, असं गल्लीनं परस्पर ठरवून टाकलं होतं. कोणी मारुतीला घालायला तेल आणून द्यायचं, कोणी उपासाची म्हणून साबुदाण्याची खिचडी. मावशी तेल ठेवून घ्यायच्या आणि आणणाऱ्याच्याच हातानं मारुतीला पाठवायच्या. खिचडी बाजूला ठेवून गार होऊ द्यायच्या, मग एक घास खाऊन, "चव चांगली आहे, पण गार झाल्यावर ह्याचं रबर होतं, पुढच्या खेपेला बटाटा जास्त घाला," असा शेरा भांड्यासकट परत करायच्या. गारमावशी हे नाव त्यातूनच पडलं. त्यांना ते आवडायचं.

शनिवारी माझी शाळा सकाळची असे. साडेबाराला परतले की त्या दारातूनच हाक मारायच्या, "हातपाय धुवून या, ताट मांडलंय." बटाट्याच्या फोडींना लिंबू, हिरवी मिरची आणि कच्चं तेल. बीट किसून त्यावर व्हिनेगर आणि लसणाची फोडणी, तीही आदल्या दिवशी घातलेली. भरपूर कोथिंबिरीत मुरलेले हरभरे. पंचगंगेचा खवल्यांचा मासा मिळाला तर तळून, कोकमाच्या आगळात बुडवून ठेवलेला. आणि ती वांगी. तूप कशालाच नाही. "तूप गोठतं आणि टाळूला जाऊन बसतं," म्हणायच्या, "एखाद्या पाहुण्यासारखं, उठतच नाही."

समोरच्या घरात नाना पैलवान राहायचे. कुस्ती सोडून वीस वर्षं झाली होती, पण आवाज अजून आखाड्यातलाच होता. रस्सा पातेल्यात उकळत असतानाच वाटी पुढं करायची, ही त्यांची ख्याती. समोरची बाई दर शनिवारी गार जेवते हे त्यांच्या डोक्यातून जाईना. कोळशाची टंचाई असणार, असा त्यांनी अर्थ लावला आणि एका शनिवारी दुपारी धगधगती शेगडी दोन्ही हातांत धरून ते मावशींच्या उंबऱ्यात उभे राहिले.

"नाना, मी आज ह्याला हात लावत नाही," मावशी म्हणाल्या.

"लावूच नका की! भाजंल!" असं म्हणून नानांनी शेगडी खोलीच्या मधोमध ठेवली.

मावशींनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. देवानं सहा दिवसांत जग केलं, सातव्या दिवशी विश्रांती घेतली, म्हणून आपणही घ्यायची. नानांनी शांतपणे ऐकलं. "मंजे देव बी त्या दिशी गारच जेवला म्हणायचा," ते म्हणाले. हा प्रश्न मावशींना पूर्वी कोणी घातलेला नव्हता.

गार जेवणात काही राम नाही हे दाखवून द्यायला नाना ताटावर बसले. वांग्याचा एक घास घेतला आणि थांबले. दुसरा घेतला. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "मास्तरीणबाई, हे गोड हाय व्हय?" मी म्हटलं, गूळ आहे त्यात. "आन् आंबट बी हाय," ते जवळजवळ ओरडले. चाळीस वर्षं तोंड पोळत जेवल्यामुळं त्यांना अन्नाची चव अशी कधी लागलीच नव्हती. भांडं रिकामं झालं. शेगडी तिच्या मर्जीनं विझेपर्यंत आम्ही तिघंही घाम पुसत बसलो होतो.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी शुक्रवारी मटणाचा रस्सा करून शनिवारपर्यंत झाकून ठेवला आणि मावशींना दाखवायला आणला. थंडीचे दिवस. वरची चरबी मेणासारखी घट्ट झाली होती. नानांनी डाव धरून उचलला तर डावाबरोबर पातेलंही वर आलं. त्यांच्या रीतीनं न कापलेलं मटण मावशी खात नसत, पण वाकून त्यांनी नीट पाहिलं. "नाना, हा रस्सा नाही, साबण आहे," त्या म्हणाल्या. नाना पातेलं हातात लटकवून तसेच घरी गेले आणि सोमवारी शिकायला आले.

ते फार मनापासून शिकले. पदार्थांची नावं मात्र त्यांच्या लक्षात राहत नसत, म्हणून त्यांनी त्यांना कुस्तीच्या डावांची नावं दिली. बटाटा म्हणजे ढाक, बीट म्हणजे कलाजंग आणि वांगी म्हणजे धोबीपछाड. पुढं पुढं मावशीही मला विचारायला लागल्या, "आज धोबीपछाड आणखी वाढू का?"

मग नानांच्या मुलीचं, शालनचं, लग्न जमत आलं. स्थळ चंदगडचं, घरची भातशेती, काजूच्या बागा, मुलगा शिकलेला. भटजींनी साखरपुड्याला दिवस काढून दिला तो मार्गशीर्षातला शनिवार. नानांनी जाहीर केलं की मावशींनाही जेवता यावं म्हणून जेवण सगळं गार होणार, आदल्या दिवशी मावशींच्या देखरेखीखाली, कोऱ्या भांड्यांत.

काकींनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, कपाळावर हात मारला. "पावणं उठून जातील! पोरीच्या जल्माचं वाटूळं करतासा काय?"

मावशीही आल्या. "नाना, हट्ट करू नका. मी घरनं जेवून येईन, पंगतीत नुसती बसेन."

नानांचा आवाज एवढा खाली गेलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "शालीच्या टायमाला डॉक्टरनं हात वर केलं हुतं. दोघीतली एकच राहील म्हणला. तुमी रातभर हिचा हात सोडला न्हाईसा. आज ह्या दोघी हायत त्या तुमच्यामुळं. तुमी जेवल्याबिगर माझ्या दारात पंगत बसणार न्हाय."

काकी पदरानं डोळे पुसून वांगी चिरायला बसल्या.

शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत सगळं तयार होऊन, ओल्या वाळूत रांगेनं भांडी ठेवली गेली. शनिवारी पाहुणे अकराला यायचे होते. त्यांची एसटी वाटेत बंद पडली आणि ते साडेतीनला पोचले, धुळीनं माखलेले, भुकेनं तापलेले. विधी भराभर उरकून पानं वाढली. मुलाच्या वडिलांनी बटाट्याला बोट लावलं आणि बोट मागं घेतलं. वांग्याला लावलं. काकी परात घेऊन दाराआड उभ्या होत्या. नाना उभे राहिले, खुलासा करायला घसा खाकरला.

"पावणं," मुलाचे वडील म्हणाले, "एवढा बरफ कुठनं आणलासा?"

नानांनी काकींकडं पाहिलं.

"सगळं जेवाण बरफात? आमी ऐकून हुतो, संस्थानिकांच्यात असतंय आसं. पन डोळ्यानं बघितलं न्हवतं." एवढं बोलून त्यांनी वांग्याचा घास घेतला, डोळे मिटले आणि शेजारच्या भावाला कोपरानं ढोसलं. नाना खरं सांगणार एवढ्यात काकी परात घेऊन पुढं झाल्या. "आणलाय कुठनं तरी. तुमी जेवा की! वाढू आनि?" पाहुणे मावशींकडं वळले. मावशी खोटं बोलत नसत. त्यांनी चटकन एवढा मोठा घास घेतला की पंगत उठेपर्यंत त्या चावतच होत्या. शालन चंदगडला नांदायला गेली, तेव्हा तिचा उल्लेख बरफवाल्यांची लेक असा व्हायचा आणि सासरी तिचा मान त्यामुळं दोन बोटं वरच राहिला.

तीनचार वर्षांनी मावशींचा मुलगा त्यांच्या लोकांच्या नव्या देशात गेला आणि त्यानं आईला बोलावून घेतलं. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी आपली जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, पातेली मला दिली. स्टेशनवर नाना आले होते. गाडी हलल्यावर खिडकीबरोबर चालत चालत त्यांनी एकच विचारलं, "मावशी, तिकडं वांगी मिळत्यात न्हवं?" मावशींनी मान हलवली. हो म्हणाल्या की माहीत नाही म्हणाल्या, ते आम्हांला कळलं नाही.

पहिलं पत्र आठ महिन्यांनी आलं. मी ते नानांच्या सोप्यात मोठ्यानं वाचलं. वांगी मिळतात. गाव वाळवंटाच्या कडेला आहे. शनिवार अख्खा गाव पाळतो, कोणाला काही समजावून सांगावं लागत नाही, त्यामुळं कधीकधी करमत नाही. आणि शेवटी लिहिलं होतं, 'इथे उन्हाळा असा आहे की शुक्रवारी केलेली भाजी शनिवारी दुपारीसुद्धा कोमट लागते. काही केल्या गार होत नाही.'

नानांनी ती ओळ मला पुन्हा वाचायला लावली. मग भिंतीकडं तोंड करून बसले.

"लिवा," शेवटी ते म्हणाले. मी दौत पुढं ओढली.

"लिवा, की इकडं या. इकडं गार हुतंय."

मी तसंच लिहिलं.